रुग्णालयातून घरी येताना कोणती साधने घ्यावीत आणि ती कशी मोजून घ्यावीत

शस्त्रक्रिया, हाड मोडणे, पक्षाघात किंवा लांबलेला आजार यांनंतर रुग्ण घरी येण्याचा दिवस ठरला की घरातल्या माणसांची पहिली धावपळ खरेदीची होते. कोणी वॉकर सुचवतो, कोणी व्हीलचेअर, कोणी हवेची गादी, आणि काळजीपोटी सगळेच एका दिवसात घरात येऊन पडते. आमच्या घरी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आणलेली पहिली व्हीलचेअर स्नानगृहाच्या दारातून आत जाईना, कारण आम्ही खुर्ची नीट पाहून घेतली होती, पण दार मोजले नव्हते. साधन चांगले की वाईट हा प्रश्न त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ते कोणत्या कामासाठी, कोणत्या शरीराला आणि कोणत्या जागेत वापरायचे आहे, याचे उत्तर आधी कागदावर यायला हवे. पुढील क्रम त्या हिशेबानेच लावला आहे.

पहिली पायरी: रुग्णालय सोडण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

निवडीसाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती विक्रेत्याकडे नसते, ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे असते. पायाचे हाड मोडले असेल किंवा सांधा बदलला असेल, तर त्या पायावर किती भार टाकायचा हे शल्यचिकित्सकांनी ठरवलेले असते. भार अजिबात टाकायचा नाही, तोल सावरण्यापुरते पाऊल टेकवायचे, काही अंशी भार टाकायचा, किंवा सोसेल तितका टाकायचा, अशा त्याच्या साधारण पातळ्या आहेत आणि साधनाची निवड जवळजवळ पूर्णपणे या एका उत्तरावर अवलंबून असते. ज्याला एका पायावर भार टाकण्याची मनाई आहे, त्याच्या हाती एक काठी देणे म्हणजे ती मनाई मोडायला लावणे होय. त्याला वॉकर किंवा कुबड्यांची जोडीच लागते. ‘काही अंशी’ असे सांगितले असेल, तर नेमके किती किलो हे विचारून घ्यावे आणि आधाराला धरून उभे राहून तो पाय घरगुती वजनकाट्यावर टेकवून पाहावा. तितका भार कसा जाणवतो, हे शब्दांनी समजत नाही, काट्यावर समजते.

याखेरीज कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत, त्या किती आठवडे वर्ज्य आहेत, औषधांमुळे चक्कर किंवा गुंगी येण्याचा संभव आहे का, आणि जखम, टाके किंवा नळी कोठे आहे, हे लिहून घ्यावे. ज्या हातांनी साधन धरायचे आहे त्या हातांचीही चौकशी व्हायला हवी. बोटांत संधिवात असेल, मनगट दुखावलेले असेल किंवा पक्षाघाताने एका हातातील शक्ती गेली असेल, तर दोन्ही हातांनी उचलायचा वॉकर कागदावर योग्य असूनही प्रत्यक्षात निरुपयोगी ठरतो. मनगटावर भार टाकता येत नसेल, पण कोपर आणि खांदा शाबूत असेल, अशा माणसासाठी पुढचा हात कोपरापासून आडवा टेकवता येईल अशी फळी बसवलेले वॉकर मिळतात. विस्मरण किंवा गोंधळलेली मनःस्थिती असलेल्या रुग्णाला ब्रेक दाबणे, खटके लावणे अशा पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागणारे साधन देऊ नये.

शक्य असेल तर रुग्णालयातच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ते साधन घेऊन चालून, बसून आणि जिना चढून पाहावे.

दुसरी पायरी: चोवीस तासांची उजळणी

साधनांची यादी करण्यापूर्वी कामांची यादी करावी. रुग्ण झोपेतून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत आणि रात्रीतूनही कोठून कोठे जाणार आहे, कोठे बसणार आहे, कोठून उठणार आहे, हे क्रमाने लिहावे आणि प्रत्येक कामापुढे ‘स्वतः करू शकतो’, ‘आधाराने करू शकतो’ किंवा ‘करू शकत नाही’ असे नमूद करावे. पलंगावर कूस बदलणे, उठून बसणे, उभे राहणे, शौचालयापर्यंत जाणे, बसणे आणि उठणे, अंघोळ, कपडे, जेवण, जिना, दवाखान्यात जाण्यासाठी वाहनात बसणे, एवढी कामे लिहिली तरी चित्र पुरेसे स्पष्ट होते.

या यादीत सर्वांत अवघड वेळ कोणती, हे शोधावे. माझ्या मते बहुतेक घरांत ती वेळ रात्री दोन-तीनच्या सुमाराची असते: अंधार, अर्धवट झोप, लघवीची घाई आणि सोबतीचे माणूस झोपलेले. खर्चाला मर्यादा असेल, तर पहिला पैसा या वेळेवर लावावा. पलंगाशेजारी ठेवलेली कमोड खुर्ची (बैठकीखाली शौचाचे भांडे असलेली खुर्ची) किंवा लघवीचे भांडे, हाताच्या अंतरावरचा दिवा आणि बोलावण्यासाठी साधी घंटा, ही तीन साधी साधने कित्येकदा महागड्या पलंगापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

सोबत करणाऱ्या व्यक्तीचेही याच यादीत स्थान आहे. रुग्णाला दिवसातून किती वेळा उचलावे किंवा सावरावे लागणार आहे आणि ते करणाऱ्याची कंबर कशी आहे, याचा विचार न करता घेतलेले साधन पंधरा दिवसांत दुसरा रुग्ण तयार करते. उभे करताना धरण्यासाठी रुग्णाच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो. त्यामुळे काखेत हात घालून ओढण्याची सवय सुटते, आणि पक्षाघाताने सैल पडलेल्या खांद्यासाठी ती सवय फार घातक असते. मात्र पोटावर किंवा छातीवर ताजी शस्त्रक्रिया झाली असेल, तर हा पट्टा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये.

तिसरी पायरी: मोजपट्टी

रुग्णाचे वजन आणि उंची, बसल्यावर नितंबांची सर्वांत रुंद जागा, नितंबांच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतची लांबी, गुडघ्यामागून टाचेपर्यंतची उंची, आणि नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर, इतकी मापे घ्यावीत. रुग्ण उभा राहू शकत नसेल, तर शेवटचे माप त्याला पाठीवर सरळ झोपवून, हात बाजूला ठेवून घेता येते. वजन मोघम सांगू नये, कारण प्रत्येक साधनाला भारमर्यादा असते आणि ती ओलांडल्यास आधी सांधे ढिले होतात, मग पाय वाकतात.

घराचे मोजमाप करताना दाराची चौकट मोजणे पुरेसे नाही. दार पूर्ण उघडल्यावर फळीची जाडी वजा जाता जी मोकळी वाट उरते, ती मोजावी. पलंगाच्या दोन्ही बाजूंची जागा, शौचालयातील वळण्याची जागा, उंबऱ्यांची उंची आणि विजेच्या जोडण्या कोठे आहेत हेही टिपावे. सुट्या सतरंज्या, पायपुसणी, वायरी आणि वाटेतील ठेंगणी टेबले या पाहणीतच हलवून टाकावीत. त्यांना पैसे पडत नाहीत आणि वॉकरचे पाय सर्वाधिक वेळा अडकतात ते यांतच.

चौथी पायरी: चालण्याचे साधन

काठी, कुबडी आणि वॉकर यांतील निवड ‘किती आधार हवा’ या एका पट्टीवर होते. एका बाजूला किंचित कमजोरी, थोडी वेदना किंवा तोल जाण्याची भीती असेल, तर काठी पुरते. एका पायावर भार टाकायचा नसेल आणि हातांत, खांद्यांत शक्ती व तोल चांगला असेल, तर कुबड्या चालतात. शक्ती किंवा तोल कमी असेल, तर वॉकर घ्यावा. वृद्ध रुग्णाला केवळ त्या जागा कमी व्यापतात म्हणून कुबड्या देऊ नयेत. कुबड्यांवर चालणे हे बरेच कसरतीचे काम आहे.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण दुखते तिकडेच टेकण्याची माणसाची स्वाभाविक ओढ असते. एका पायावर उभे राहिल्यावर शरीराचे वजन दुसऱ्या बाजूला झुकू पाहते आणि कंबर पातळीत ठेवण्यासाठी उभ्या पायाच्या खुब्याचे स्नायू जोराने आवळतात. त्या ओढीमुळे सांध्यावरचा दाब शरीराच्या वजनाच्याही कितीतरी पट होतो. विरुद्ध हातातील काठी झुकणाऱ्या बाजूला टेकू देते, स्नायूंना आवळावे कमी लागते आणि सांध्यावरचा दाब उतरतो. दुखऱ्या बाजूला धरलेल्या काठीला ही तरफ मिळत नाही. चालताना काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकावेत. जिना चढताना निरोगी पाय आधी आणि मग दुखरा पाय व काठी, तर उतरताना काठी व दुखरा पाय आधी, असा क्रम ठेवावा. चार पायांची काठी स्वतः उभी राहते आणि अधिक आधार देते, पण तिचे चारही पाय एकदम टेकले नाहीत तर ती डुगडुगते, म्हणून जिन्यासाठी आणि भरभर चालणाऱ्यासाठी ती सोयीची नाही.

काठीची आणि वॉकरच्या मुठीची उंची एकाच रीतीने ठरते. हात बाजूला सैल सोडून उभे राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीत यावी आणि ती धरल्यावर कोपर साधारण १५ ते ३० अंश वाकलेले असावे. उंच मुठीमुळे खांदे कानांकडे चढतात, ठेंगण्या मुठीमुळे पाठीला पोक येते. उंची बदलण्याचा खटका भोकात पूर्ण बाहेर आला आहे ना, हे प्रत्येक बदलानंतर बोट फिरवून तपासावे.

काखेतल्या कुबड्यांबाबत एक चूक वारंवार होते. त्यांचा वरचा भाग काखेत रुतवून त्यावर लोंबकळण्यासाठी नसतो. काख आणि कुबडीचे डोके यांत दोन ते तीन बोटांचे अंतर राहावे, कुबडी छातीच्या बाजूला दाबून धरावी आणि शरीराचा भार तळहातांवर पेलावा. काखेतून जाणाऱ्या नसांवर सतत दाब आला, तर हाताला मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि मनगट लुळे पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. उंची ठरवताना कुबडीचे टोक पावलाच्या पुढे आणि बाहेर सुमारे १५ सेंटीमीटरवर ठेवावे. बराच काळ वापरायच्या असतील, तर कोपराखाली पुढच्या हाताला कडे असणाऱ्या कुबड्या बऱ्या, कारण हात मोकळा करून दाराची कडी काढली तरी त्या हातातच अडकून राहतात.

वॉकर तीन जातींचा असतो. चारही पायांना रबर असलेला वॉकर सर्वांत स्थिर, पण प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. पुढे दोन चाके असलेला ढकलता येतो आणि चालण्याची लय फारशी मोडत नाही, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या बहुतेक वृद्धांना तो मानवतो. चार चाकांचा, ब्रेक आणि बैठक असलेला वॉकर ज्यांना दम लागतो पण तोल बरा आहे अशांसाठी असतो. त्यावर शरीराचा भार टाकला की तो पुढे पळतो, त्यामुळे ज्यांना भार पेलण्यासाठी आधार हवा आहे त्यांना तो देऊ नये. त्याच्या बैठकीवर बसण्यापूर्वी दोन्ही ब्रेक अडकवलेच पाहिजेत, आणि माणूस त्यावर बसला असताना तो व्हीलचेअरसारखा ढकलत नेऊ नये.

वॉकर धरून उभे राहताना तो ओढला जातो आणि माणसाच्या अंगावर येतो. उठताना हात खुर्चीच्या हातांवर किंवा पलंगाच्या कडेवर दाबावेत आणि पूर्ण उभे राहिल्यावर मग मुठी धराव्यात. बसताना आधी पायांच्या मागे खुर्चीचा स्पर्श व्हावा, मग एकेक हात मागे न्यावा. जिन्यासाठी साधा वॉकर वापरू नये. काठी, कुबडी आणि वॉकर यांच्या टोकांची रबरी टोपणे झिजून गुळगुळीत झाली की लगेच बदलावीत. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

पाचवी पायरी: व्हीलचेअर

व्हीलचेअर घेण्यापूर्वी ती कोण चालवणार, हे ठरवावे. मागची चाके मोठी, साधारण ६० सेंटीमीटर व्यासाची असतील, तर रुग्ण स्वतः ती फिरवू शकतो. चारही चाके लहान असलेली खुर्ची हलकी आणि वाहनात ठेवायला सोपी असते, पण ती दुसऱ्यानेच ढकलावी लागते. केवळ दवाखान्यापर्यंत जायचे असेल तर ती पुरेशी आहे. घरात दिवसभर बसणाऱ्या रुग्णाला मात्र तिच्यामुळे एक ग्लास पाण्यासाठीही हाक मारावी लागते.

बैठकीची रुंदी नितंबांच्या मापापेक्षा सुमारे २.५ ते ५ सेंटीमीटर अधिक असावी. जास्त रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, अरुंद खुर्ची मांड्यांना घासते. बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची खोबण यांत दोन ते तीन बोटांची जागा राहावी, पावलांच्या फळ्या जमिनीपासून सुमारे ५ सेंटीमीटर वर असाव्यात आणि मांड्या बैठकीवर समान टेकाव्यात. खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा साधारण २० सेंटीमीटरने अधिक असते, हे ध्यानात ठेवून दाराच्या मोकळ्या वाटेशी ताडून पाहावे आणि चाक फिरवणाऱ्या हातांसाठीही दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावी. पलंगावरून खुर्चीत बाजूने सरकावे लागणार असेल, तर हात वर उचलता येणारी किंवा काढता येणारी आणि पावलांच्या फळ्या बाजूला वळणारी खुर्चीच घ्यावी. ही सोय नंतर जोडता येत नाही. उठण्यापूर्वी ब्रेक लावणे आणि फळ्या वर करणे हे दोन नियम घरातल्या सर्वांनी पाळावेत, कारण फळीवर पाय देऊन उभे राहिल्यास खुर्ची पुढे उलटते.

उंबऱ्यासाठी उतार करायचा असेल, तर प्रत्येक १ सेंटीमीटर उंचीला किमान १२ सेंटीमीटर लांबी हे प्रमाण धरावे. १५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीला म्हणजे १८० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. यापेक्षा तीव्र उतारावर स्वतः खुर्ची चढवणे अवघड आणि उतरणे धोक्याचे असते.

दीर्घकाळ बसणाऱ्यासाठी चांगली गादी खुर्चीइतकीच महत्त्वाची आहे. मधोमध भोक असलेली कड्यासारखी गादी घेऊ नये, कारण ती कडेच्या त्वचेवर दाब वाढवून आतल्या भागाचा रक्तपुरवठा अडवते. गादी कोणतीही असली, तरी दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून, बाजूला कलून किंवा हातांवर उचलून नितंबांवरचा दाब काही वेळ कमी करावा.

सहावी पायरी: शौचालय आणि अंघोळ

ओली फरशी आणि खाली-वर होणे यामुळे पडण्याचा धोका येथे एकत्र येतो. उकिडवे बसावे लागणारे शौचालय खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा वापरता येत नाही, तेव्हा कमोड खुर्ची घ्यावी. बसण्याचे कमोड ठेंगणे असेल, तर त्यावर बसवायची उंच बैठक मिळते. खुबा बदलल्यानंतर, विशेषतः सांध्याकडे मागून पोहोचलेल्या शस्त्रक्रियेत, खुबा ९० अंशांपेक्षा अधिक वाकवू नये असे सांगितले जाते. बैठकीवर बसल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा वर जाणार नाहीत इतकी उंची ठेवली, म्हणजे हा नियम पाळणे सोपे जाते. हीच कसोटी खुर्ची, पलंग आणि वाहनाच्या आसनालाही लावावी.

कमोड खुर्ची घेताना तिला हात आहेत ना, पाय रुंद आणि रबरी आहेत ना, भांडे मागून किंवा बाजूने काढता येते ना, हे पाहावे. चाकांची खुर्ची घ्यायची असेल, तर चारही चाकांना कुलूप असावे. भिंतीवर आधाराचे दांडे बसवताना ते पक्क्या भिंतीत खोलवर रोवलेले असावेत. टॉवेल टांगायच्या दांड्याला आधार समजू नये आणि काचेवर किंवा फरशीवर हवा ओढून चिकटणाऱ्या दांड्यावर शरीराचा भार टाकू नये. अंघोळीसाठी पाठ असलेले, रबरी पायांचे आणि पाणी गळून जाण्यास भोके असलेले आसन, हातात धरायचा लवचिक फवारा आणि न घसरणारी चटई, इतके बहुतेकांना पुरते.

सातवी पायरी: पलंग आणि गादी

रुग्णालयासारखा पलंग सर्वांना लागत नाही. रुग्ण स्वतः कूस बदलत असेल आणि कडेवर बसून उठत असेल, तर घरचा पलंग योग्य उंचीवर आणणे बरे. कडेवर बसल्यावर पावले सपाट टेकली पाहिजेत आणि मऊ गादी दबल्यानंतरही खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहिले पाहिजेत. दम लागल्यामुळे डोके उंच ठेवावे लागणारा, नळीने अन्न घेणारा किंवा पूर्ण अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर मात्र डोक्याची बाजू उचलता येणारा पलंग घ्यावा. नळीने अन्न देताना आणि त्यानंतर काही वेळ डोक्याकडील भाग साधारण ३० ते ४५ अंश उंच ठेवण्यास सांगितले जाते, आणि उशांच्या चळतीवर तो टिकत नाही. पलंगाची पूर्ण उंचीही कमी-जास्त होत असेल, तर शुश्रूषा करणाऱ्याची कंबर वाचते. एक माणूसच सर्व करत असेल, तर मी या सोयीला विजेच्या इतर करामतींपेक्षा अधिक महत्त्व देईन.

बाजूचे कठडे दुधारी असतात. गोंधळलेला रुग्ण त्यावरून चढून अधिक उंचीवरून पडू शकतो, आणि कठड्याच्या सळ्यांत किंवा कठडा व गादी यांच्या फटीत डोके अडकून प्राणावर बेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात कठड्यांच्या अशा फटी १२० मिलीमीटरपेक्षा कमी ठेवण्याची शिफारस आहे. गादी पलंगाच्या मापाची नसेल तर ही फट नकळत वाढते.

शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने दाबाखालच्या त्वचेला होणारी जखम) टाळण्यासाठी हवेची गादी घ्यायची असेल, तर तिच्या कप्प्यांत आळीपाळीने हवा भरली आणि सोडली जाते, हे समजून घ्यावे. लहान फुग्यांची पातळ गादी कमी धोक्याच्या रुग्णासाठी, तर आडव्या नळ्यांची जाड गादी स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णासाठी असते. पंपावरचा दाब रुग्णाच्या वजनानुसार लावावा आणि रुग्ण झोपलेला असताना नितंबांखाली गादीच्या तळाशी हात सरकवून पाहावा. शरीराचा भार थेट हाताला जाणवला, तर गादी अपुरी फुगलेली आहे. वर एकच पातळ, सैल चादर घालावी, कारण जाड थर घातल्यास गादीचा उद्देशच संपतो. गादी असली तरी कूस बदलणे थांबवू नये. किती तासांनी बदलायची हे परिचारिकेला विचारावे, सर्वसाधारणपणे दर २ तासांनी सांगतात. टाचा उशीवर टेकवू नयेत, उशी पोटरीखाली ठेवून टाचा अधांतरी राहू द्याव्यात. दाब दिल्यावर पांढरी न होणारी लाली दिसली, तर तीच शय्याव्रणाची सुरुवात समजून त्याच दिवशी कळवावे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वेगळी उष्णता, कडकपणा किंवा वेदना पाहावी.

आठवी पायरी: ऑक्सिजन, वाफारा आणि मोजण्याची यंत्रे

ऑक्सिजन हे औषध आहे. मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास आणि रक्तातील ऑक्सिजनची कोणती पातळी राखायची, हे लेखी असल्याशिवाय यंत्र आणू नये. दीर्घकालीन श्वसनविकाराच्या काही रुग्णांना ८८ ते ९२ टक्के पातळी राखण्यास सांगतात आणि त्यांना अधिक ऑक्सिजन दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येते. त्यामुळे घाबरून प्रवाह वाढवण्याचा मोह टाळावा.

कॉन्संट्रेटर खोलीतील हवेतून नायट्रोजन झिओलाइट नावाच्या पदार्थात अडकवतो आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन देतो. ५ लिटर लिहिलेल्या यंत्राने पूर्ण ५ लिटर प्रवाहावरही ही शुद्धता टिकवली पाहिजे. जुन्या यंत्रात ती घसरते, म्हणून भाड्याचे यंत्र घेताना शुद्धता मापकाने तपासून दाखवण्यास सांगावे आणि यंत्रावरील चाललेल्या तासांचा आकडा पाहावा. शुद्धता कमी झाल्यास वाजणारी सूचना त्यात असावी. यंत्र विजेवर अवलंबून असल्याने पर्यायी सिलिंडर लागतोच. सिलिंडरमधील लिटरना प्रतिमिनिट प्रवाहाने भागले की तो किती मिनिटे पुरेल हे कळते: १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटर दराने ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास चालतो. यंत्राभोवती हवा खेळती ठेवावी, जाळी नियमित धुवावी, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी घालून ते रोज बदलावे. त्या खोलीत धूम्रपान, उदबत्ती किंवा शेगडी असू नये आणि नाकाच्या नळीखाली पेट्रोलियम जेलीसारखे तेलकट मलम लावू नये.

नेब्युलायझर (द्रव औषधाचा बारीक फवारा करून श्वासातून देणारे यंत्र) निवडताना औषधाचे नाव विचारात घ्यावे. अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिकंपनांवर चालणाऱ्या, पद्धतीचे यंत्र ब्युडेसोनाइडसारख्या, द्रवात कण तरंगणाऱ्या औषधाला योग्य नसते. त्यासाठी हवेच्या दाबावर चालणारे साधे कॉम्प्रेसर यंत्र घ्यावे.

रक्तदाबाचे यंत्र दंडावर बांधायचे घ्यावे आणि त्याचा पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. मोजण्यापूर्वी ५ मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजावे. बोटावरचा ऑक्सिमीटर थंड बोट, नखावरचा रंग आणि हालचाल यांनी फसतो. गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा अधिक आकडाही दाखवू शकतो, म्हणून आकडा ठीक असूनही रुग्ण धापा टाकत असेल, तर आकड्यावर नव्हे, रुग्णावर विश्वास ठेवावा. रक्तातील साखर मोजणारा ग्लुकोमीटर घेताना यंत्रापेक्षा पट्ट्यांचा नियमित खर्च आणि उपलब्धता पाहावी.

नववी पायरी: भाड्याने की विकत

पलंग, कॉन्संट्रेटर, व्हीलचेअर आणि रुग्ण उचलण्याचे यंत्र ही मोठी साधने काही आठवड्यांसाठीच लागणार असतील, तर भाड्याने घ्यावीत. खरेदीच्या किमतीतून नंतर विकून मिळणारी रक्कम वजा करावी आणि उरलेल्या आकड्याला महिन्याच्या भाड्याने भागावे. जितके महिने येतील, त्याहून अधिक काळ वापर होणार असेल तर विकत घेणे परवडते. भाड्यात बिघाड झाल्यास दुसरे यंत्र किती तासांत मिळेल, रात्री कोणाला कळवायचे आणि अनामत रक्कम केव्हा परत मिळेल, हे कागदावर घ्यावे. मुखवटे, नाकाच्या नळ्या, नेब्युलायझरचे कप आणि गाद्यांची आवरणे मात्र नवीनच घ्यावीत. आरोग्य विमा असेल, तर खरेदीपूर्वीच विचारणा करावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी व बिल जपून ठेवावे.

साधन घरी आल्यावर पोहोचवणारा माणूस समोर असतानाच ते पूर्ण चालवून पाहावे: सर्व खटके, ब्रेक, चाके, सूचनांचे आवाज आणि भारमर्यादेची पट्टी. मग घरातल्या दोघांनी तरी ते हाताळून पाहावे, कारण ज्याने शिकून घेतले तोच नेमका त्या रात्री घरी नसतो.

दहावी पायरी: साधन बदलणे आणि सोडणे

बरे होणाऱ्या माणसाचे साधनही बदलत गेले पाहिजे. पहिल्या आठवड्यात योग्य असलेला वॉकर सहाव्या आठवड्यात चाल बिघडवू शकतो, तर व्हीलचेअर सोयीची वाटू लागली की चालण्याचा सराव मागे पडतो. म्हणून प्रत्येक तपासणीला जाताना वापरात असलेले साधन सोबत न्यावे आणि पुढचा टप्पा कोणता व केव्हा, हे विचारावे. कॉन्संट्रेटर स्वतःच्या मनाने बंद करू नये. विश्रांतीत, चालताना आणि झोपेत पातळी मोजून डॉक्टरच तो निर्णय घेतात. साधन वापरूनही रुग्ण पडला, पोटरीत एकाएकी सूज व वेदना आली, हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा त्वचेवर न जाणारा डाग दिसला, तर पुढील ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

काठी सोडण्याची कसोटी सोपी आहे. घरातल्या माणसाने मागे उभे राहून रुग्णाला काठीशिवाय आठ-दहा पावले चालायला सांगावे, आणि चालताना तो लंगडत असेल किंवा शरीर एका बाजूला झुकत असेल, तर वेदना होत नसली तरी काठी आणखी काही दिवस हातातच ठेवावी.